लाल माती आणि सातबारा

१

कोकणावरच्या मराठी साहित्यात जमीन पुष्कळ आहे. माडापोफळींच्या बागा आहेत, भाताचे मळे आहेत, पावसात वाहणारे वहाळ आहेत, गडग्यावरचे शेवाळ आहे. मात्र ही जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यात चिखल तुडवणारा माणूस कोणत्या वाडीतून येतो आणि संध्याकाळी त्याच्या पदरात काय पडते, हे प्रश्न या साहित्याने फारसे विचारले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे आपल्या समीक्षेनेही ते विचारले नाहीत. समीक्षेने 'लाल मातीचा गंध' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा वापरला की लाल माती ही मोजता येणारी, विकता येणारी, हिसकावता येणारी वस्तू आहे याचा विसर पडला.

मी मालवण तालुक्यातला. आमच्या भागात गेल्या तीन-चार दशकांत जमिनीचा उपयोग ज्या गतीने बदलला आहे, तो बदल साहित्यात शोधू लागलो की हाती लागतात त्या दोनच गोष्टी. एक, गेलेल्या दिवसांची हुरहूर. दुसरी, 'माणसे बदलली' अशी तक्रार. बापाने जपलेली बाग मुलाने विकली, भावाने भावावर दावा लावला, गावात पैसा आला आणि माणुसकी गेली, अशा आशयाच्या कथा दिवाळी अंकांत दरवर्षी येतात. त्यातला तपशील खरा असतो. पण कारण खोटे असते. माणसांच्या मनात एकाएकी लोभ उत्पन्न झाला म्हणून जमिनीचा उपयोग बदलत नाही. तो बदलण्यामागे शहराची वाढ, सरकारचे कायदे आणि जुनी जातिबद्ध मालकी अशी तीन कारणे असतात. या तिन्हींना वगळून लिहिलेली कथा कितीही हळवी असली तरी ती वास्तवावर घातलेला पडदाच होय, असे माझे मत आहे.

२

शहर वाढते म्हणजे काय होते? याचे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर असे की, शहराच्या वेशीजवळची शेते जातात आणि तिथे इमारती उभ्या राहतात. मुंबईच्या बाबतीत हे उत्तर नव्या मुंबईत दिसते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. १९८४ च्या जानेवारीत जासईजवळ जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा लढा थोर होता यात शंका नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साडेबारा टक्के मिळायचे तर आधी शंभर टक्क्यांवर नाव असावे लागते. ज्याचे पोट त्या शेतावर होते पण नाव नव्हते, त्याला साडेबारा टक्के कशाचे मिळणार?

मालवण मुंबईपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरीही माझे म्हणणे असे आहे की, मालवणचा किनारा हा मुंबईचाच कडेचा भाग आहे. शहराची हद्द नगरपालिकेच्या खांबापाशी संपत नाही. ज्या गावांच्या श्रमावर शहर उभे राहते तिथपर्यंत ती पोचलेली असते. गिरणगावात कोकणातला माणूस गेला तो एकटा गेला. बायको, म्हातारे आईबाप, लेकरे गावी राहिली. गिरणीमालकाला कामगाराचे पूर्ण कुटुंब पोसण्याइतका पगार द्यावा लागला नाही, कारण अर्धे पोट गावचे भात आणि नाचणी भरत होती. उलट मनीऑर्डर आली म्हणून गावचे भात पेरले गेले. या हिशेबात गावचा मळा हा गिरणीचाच एक न लिहिलेला विभाग होता. ज्यांना आपण 'निसर्गरम्य खेडे' म्हणून साहित्यात मिरवतो ती खेडी अशी शहराने बांधलेली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हा हिशेब मोडला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त इमारती नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. सुमारे सहाशे एकरांतून शहराला मिळायचे ते आक्रसले आणि चिमण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले. गिरणगावातला हा जमिनीच्या उपयोगाचा बदल आणि मालवणच्या किनाऱ्यावरचा बदल हे एकाच कापडाचे दोन पदर आहेत. तिथे कामगाराची जागा गेली. इथे मनीऑर्डर थांबली आणि वरकस जमिनीवरची नाचणी, वरी, हरिक बंद पडली. त्या जमिनी पडीक राहिल्या.

जनगणनेचे आकडे पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत माणसे कमी झाली. माणसे कमी होत असताना जमिनीचा भाव वाढतो, ही गोष्ट गावाच्या गरजेतून समजणारी नाही. हा भाव गावाने ठरवलेला नाही. तो दूरच्या शहरात जमलेल्या पैशाने ठरवलेला आहे.

३

पडीक जमिनीचा पुढचा प्रवास तीन टप्प्यांत झाला. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. वरकस आणि भरड जमिनीवर आंबा-काजूची कलमे लागली. योजना चांगलीच होती. तिच्यामुळे अनेक कुटुंबे सावरली हे नाकारण्याचे कारण नाही. पण कलम लावायला आधी जमीन हवी. भूमिहीनाच्या वाट्याला खड्डे खणण्याची मजुरी आली आणि झाड दुसऱ्याच्या नावावर वाढले.

दुसरा टप्पा रस्ते, रेल्वे आणि घोषणांचा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोसला सिंधुदुर्गनगरी वसवण्यात आली. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. पुढे महामार्ग चौपदरी झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या हद्दीत मोपा विमानतळाचेही उद्घाटन झाले. उत्तरेकडून मुंबई आणि दक्षिणेकडून गोवा अशा दोन्ही बाजूंनी आमची जमीन मोजली जाऊ लागली.

तिसरा टप्पा बिनशेतीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज उरली नाही. कर भरून उपयोग बदलता येतो. किनारा नियमन अधिसूचनेने १९९१ साली ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी केली होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ही रेषा ५० मीटरपर्यंत मागे घेतली आणि स्थानिकांना राहत्या घरात पर्यटक ठेवण्याची वाट दिली. तारकर्ली, देवबाग, वायरी इथे माडांच्या बागांत खोल्या उभ्या राहिल्या. होडी ओढणाऱ्याचा मुलगा पर्यटकांना समुद्रात नेऊ लागला. शिरोडा-वेळागरला आणि तोंडवळी-वायंगणीला मोठ्या पर्यटन प्रकल्पांसाठी जमीन जाणार म्हणून लोक उभे राहिले. या सर्व घडामोडींत किनाऱ्यावरचा मच्छीमार आणि बागायतदार निदान वादी म्हणून किंवा प्रतिवादी म्हणून दिसतो. बौद्धवाडी आणि चर्मकारवाडी कुठेच दिसत नाही. तिची ना बाग जाते, ना तिला मोबदला मिळतो. तिचे काय होते हे कोणी मांडतही नाही, कारण ज्या वहीत मांडायचे त्या वहीत तिचे पानच नाही.

हे पान का नाही, याचा शोध इतिहासात घ्यावा लागतो.

४

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. स्पृश्य कुळे आणि अस्पृश्य कुळे त्यात एकत्र चालली. कोकणच्या इतिहासातली ही एक महत्त्वाची घटना. तिच्यावर किती कथा-कादंबऱ्या आपल्याला आठवतात? उलट श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही १९८७ सालची दोन खंडांची कादंबरी सर्वांना आठवते. पेंडसे सामर्थ्यवान लेखक आहेत. खोतांच्या घराण्याचा माज आणि ऱ्हास त्यांनी झाकून ठेवला नाही. परंतु कादंबरीचा केंद्रबिंदू तिच्या नावातच आहे. घराणे चढते, घराणे पडते, आणि वाचकाला दुःख होते ते घराण्याच्या पडण्याचे. ज्यांच्या खांद्यावर ते उभे होते त्यांचे खांदे मोकळे झाले की नाही, याची चौकशी करण्याची गरज मराठी समीक्षेला वाटली नाही. ती 'घराण्याची शोकांतिका' म्हणून थांबली.

१९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कूळ मालक झाला. या कायद्याने कोकणातील फार मोठा समाज खोताच्या जाचातून सुटला, हे मान्य केलेच पाहिजे. पण कूळ कोण? ज्याची वहिवाट कागदावर होती तो. आमचे लोक बहुतेक ठिकाणी कुळाचे गडी होते. जोत धरले आम्ही, तरवा काढला आमच्या बायकांनी, पीकपाहणीत नाव लागले कुळाचे. खोताच्या खाली कूळ आणि कुळाच्या खाली गडी अशी उतरंड होती. कायद्याने वरचे मडके फोडले आणि खालचे तसेच ठेवले.

दुसरी जमीन वतनाची. ती थोडी, तुकड्यातुकड्यांची, बहुधा गावाच्या टोकाची. गावरहाटीत आणि देवस्थानात पडेल ते काम करायचे आणि त्याबद्दल हा तुकडा कसायचा. वतन म्हणजे बेडी आहे हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडून सांगितले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव आमच्या लोकांनी गावकीची कामे सोडली. ती सोडताना त्यांनी आपल्या पोटावर पाय दिला, हे आज सहज विसरले जाते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. नवी शर्त म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज विकता येणार नाही. हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात वतनाची जमीन ही शहराच्या वाढीत सर्वांत आधी लुटली जाणारी जमीन ठरली. कारण अशी जमीन पडत्या भावात कागद करून ठेवता येते आणि शर्त पुढे कधीतरी 'नियमित' होते. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. आम्हांला वाटले नाही. पुण्याला एकर म्हणतात, आमच्याकडे गुंठे म्हणतात, एवढाच फरक.

यात आणखी एक कायदेशीर गंमत आहे. कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. शहरी पैशापासून शेतीला वाचवण्याचे हे कुंपण. पण शेतकरी कोण हे सातबारा ठरवतो. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे कुठल्यातरी तालुक्यातला सातबारा असतो. त्यामुळे तो शेतकरी. आणि ज्याच्या पाच पिढ्यांनी मालवणचे मळे लावले त्याच्याकडे सातबारा नाही. म्हणून तो शेतकरी नाही. कुंपण ज्याच्यासाठी घातले तो आत आहे आणि ज्याने नांगरले तो बाहेर आहे.

५

आता आपल्या साहित्याकडे वळतो. जयवंत दळवी हे वेंगुर्ल्याच्या आरवलीचे. त्यांनी १९६३ साली 'चक्र' लिहून मुंबईच्या झोपडपट्टीतील जीवन मराठी मध्यमवर्गासमोर ठेवले. त्याच लेखणीने 'सारे प्रवासी घडीचे' मध्ये कोकणच्या गावातली विक्षिप्त, प्रेमळ, हसवणारी माणसे उभी केली. दोन्ही पुस्तके वाचकप्रिय झाली. मला नवल वाटते ते याचे की, या दोन पुस्तकांना जोडणारा रस्ता आपल्या समीक्षेने कधी शोधला नाही. गावात जागा नाही म्हणूनच माणूस झोपडपट्टीत जातो. मग हसवणाऱ्या गावात जागा का नाही, हा प्रश्न झोपडपट्टीच्या कादंबरीने गावच्या पुस्तकाला विचारायला हवा होता. समीक्षेने एकाला 'दाहक वास्तव' म्हटले, दुसऱ्याला 'निखळ विनोद' म्हटले, आणि दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवली.

दलित साहित्याने शहराचा हिशेब चोख मांडला. बाबुराव बागूलांचे 'मरण स्वस्त होत आहे', नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', दया पवारांचे 'बलुतं' या पुस्तकांनी मुंबईच्या पोटातली मुंबई दाखवली. पण आपल्याच साहित्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. आपण गाव लिहिले ते जातीचा नरक म्हणून लिहिले. जमिनीचा प्रश्न म्हणून कमी लिहिले. पाणवठा, देऊळ, शिवाशीव, मेलेले ढोर हे आपल्या लेखनात ठळक आले, कारण अपमानाची जखम आधी बोलते. परंतु पाणवठ्यावर येऊ न देणारा हात तो कशाच्या जोरावर उगारत होता? जमिनीच्या. अपमानाचे वर्णन पूर्ण झाले आणि अपमानाच्या आर्थिक पायाचे वर्णन अर्धे राहिले.

कोकणच्या बाबतीत ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) हे आत्मकथन मला म्हणूनच मोलाचे वाटते. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या, टोपल्या. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या या लेखिकेने आपल्या आईच्या हातातले विणकाम पुस्तकाच्या नावावर आणले. ज्यांना जमीन नाही त्यांच्या हातात काय असते, याचे उत्तर या एका शब्दात आहे. वाडीतल्या बायका डोक्यावर ओझे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जातात, ही वाट म्हणजे शहर आणि गाव यांच्यातल्या खऱ्या संबंधाचे चित्र आहे. पर्यटनाच्या पुस्तिकेतला रस्ता शहरातून गावाकडे येतो. 'आयदान'मधली वाट गावातून शहराकडे जाते, उपाशीपोटी जाते. समीक्षेने 'आयदान'ची चर्चा स्त्रीवादी आत्मकथन म्हणून केली, ती योग्यच. आता ते कोकणच्या भूमिसंबंधांचा दस्तऐवज म्हणूनही वाचले पाहिजे.

प्रवीण बांदेकर यांच्या 'चाळेगत' (२००९) या कादंबरीचा उल्लेखही आवश्यक आहे. तळकोकणातले गाव भोळे नाही, त्याच्यात राजकारण आणि पैसा खेळतो, हे या कादंबरीने लाल मातीच्या भक्तांना सुनावले. कोकणच्या लेखनात हा मोठाच पालट आहे. माझी अपेक्षा याच वाटेने पुढे जाण्याची आहे. गाव बिघडले हे सांगून झाले. आता ते आधी कोणासाठी चांगले होते, हे सांगणारी कादंबरी यायला हवी.

६

या सगळ्याचा आमच्या वाडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. सांगतो. आमची वाडी कातळाच्या टोकाला आहे. गावाने मळा स्वतःकडे ठेवला, बाग स्वतःकडे ठेवली आणि आम्हांला कातळ दिला. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. साहित्यातही कातळ म्हणजे उजाड, भकास, भुतांचा. आज त्याच कातळाला भाव आला आहे. चिपीचा विमानतळ सड्यावर झाला. ज्यांना वरून समुद्र पाहायचा आहे त्यांना सडा हवा असतो. मालवण तालुक्यातीलच कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आमचे बापजादे ज्या दगडावर पाय भाजत चालले तो दगड आता वारसा ठरला, तो दगड आता 'व्ह्यू' ठरला. दगड होता तिथेच आहे; शहराची नजर तेवढी त्याच्यावर नव्याने पडली आहे.

आमच्या वाडीत वतनाचा एक सामाईक तुकडा आहे. त्याच्या उताऱ्यावर तीसेक नावे आहेत. अर्धी नावे विक्रोळीत, नायगावात, डोंबिवलीत राहतात. काही नावे मेलेल्यांची आहेत. शेजारच्या जमिनीवर एका शहरी गृहस्थाचा बंगला झाला आणि चिऱ्यांची भिंत आली. त्या भिंतीत वाडीची पाणंद गेली. पाणंद कोणाच्याच नावावर नव्हती. ती फक्त पायांनी लिहिलेली होती. आता शाळेतल्या पोरी आणि पाण्याला जाणाऱ्या बाया लांबून फिरून जातात. बंगल्याची साफसफाई मात्र आमच्याच वाडीतली बाई करते. गेल्या वर्षी दलाल आला आणि त्याने तुकड्याला भाव सांगितला. तरुण मुले विकू या म्हणतात. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "काका, ह्या कातळान आमका काय दिला? बाबासाहेबांनीच सांगितला मां, गाव सोडा म्हणान?"

या प्रश्नापाशी मला थांबावे लागले, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही हाच प्रश्न आहे. लाल मातीचे लेखक या मुलाला मातीद्रोही म्हणतील. मी म्हणणार नाही. ज्या मातीने त्याला कधी आपला मानले नाही तिच्याशी त्याने निष्ठा का राखावी? गावाविषयीचा हळवेपणा हा मालकांचा छंद आहे. आमच्यासाठी बोरीबंदरला उतरणे ही सुटका होती. बीडीडी चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने राहिलेल्या आमच्या माणसाला गावच्या मोकळ्या हवेची आठवण येई, पण त्याबरोबर त्या हवेत कोणासमोर किती झुकावे लागे हेही आठवे.

तरीही मुलाचे म्हणणे मला अर्धेच पटते. बाबासाहेबांनी गावाला मुक्तीची जागा मानले नाही, ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी खेड्याचे कौतुक करणाऱ्यांची कठोर हजेरी घेतली, हे खरे. पण ते केवळ 'गाव सोडा' म्हणून थांबले नाहीत. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या व्यासपीठावरून स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी योजना त्यांनी मांडली. १९३७ चे खोतीचे विधेयक तर त्याआधीचेच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, तेही याच वाटेने. म्हणजे गाव सोडणे ही एक गोष्ट आहे आणि जमिनीवरचा हक्क सोडणे ही दुसरी. पहिली बाबासाहेबांनी सांगितली. दुसरी त्यांनी कधीही सांगितली नाही. गावाचा जाच सोडायचा आणि जमिनीचा दावा अधिक बळकट करायचा, असा त्यांच्या विचारातला क्रम आहे.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले की, विकायचे असेल तर वीक, पण आधी तीस नावांचे वारस लावून घे, शर्त काय आहे ते वाच, पाणंदीचा अर्ज तहसीलदाराकडे दे, आणि जो भाव दलाल सांगतो तो कातळाचा आहे की समुद्राचा आहे हे विचार. आमच्या तुकड्याची किंमत पोटखराब्याची लावायची आणि त्याच्यावर उभ्या राहणाऱ्या खोलीचे भाडे समुद्राचे घ्यायचे, हीच आजची खोती आहे. जुना खोत धान्यात वाटा घेई. नवा खोत देखाव्यात घेतो.

७

समीक्षेने आता काय करावे? कोकणावरचे कोणतेही पुस्तक हाती घेतल्यावर तिने चार साधे प्रश्न विचारावेत. या कथेतील जमीन कोणाच्या नावावर आहे? तिच्यात राबतो कोण? मुंबईहून येणारा पैसा कोणत्या घरात थांबतो आणि कोणत्या घरात पोचतच नाही? आणि लेखक ज्या वाटेने गावात शिरतो ती वाट बौद्धवाडीवरून जाते की तिला वळसा घालून जाते? या प्रश्नांनी पुस्तकाचे वाङ्मयीन मोल कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या पुस्तकात दम आहे ते या प्रश्नांपुढे टिकेल. पेंडसे टिकतील, दळवी टिकतील. गळून पडेल तो गंधाचा व्यापार.

आणि आपल्या लेखकांकडे एक मागणी आहे. आपल्या पिढीने अपमान लिहिला. पुढच्या पिढीने उतारा लिहावा. फेरफार, वारसनोंद, नवी शर्त, पोटखराबा, बिनशेती हे शब्द रूक्ष वाटतात. पण या शब्दांत आपल्या आजोबांचे मौन कोंडलेले आहे. तलाठ्याच्या दप्तरातून जी कविता निघेल ती माडांच्या झावळ्यांतून निघणार नाही. शहर वाढतच राहणार. ते थोपवणे साहित्याच्या हाती नाही आणि ते थोपवावे असे मी म्हणतही नाही, कारण याच शहराने आम्हांला माणूस म्हणून उभे राहायला जागा दिली. पण ते वाढताना कोणाच्या पायांखालची जमीन घेते, हे नावानिशी लिहून ठेवणे साहित्याच्या हाती आहे. सरकारी दप्तरात आपले पान नसेल तर ते आपण लिहिले पाहिजे, आणि ते असे लिहिले पाहिजे की उद्या कोणालाही त्यावर खाडाखोड करता येणार नाही.